फिरता पट

आमचे अण्णा कुणाच्या बारशाला गेले की आधी पाळण्यात डोकावत आणि मग बोटांवर काहीतरी मोजत. बायकांना वाटे, गुरुजी पत्रिका मांडतायत. अण्णा मोजत असत ते एवढंच, की हे गाठोडं कोणत्या जूनमध्ये पहिलीत येईल! हजेरीवरच्या मुलांच्या संख्येला जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘पट’ म्हणतात, आणि पट ढासळलेली शाळा सावरणं ही अण्णांची नोकरी कमी आणि जडलेलं दुखणं जास्त. पुढे २००९ च्या कायद्यानं प्राथमिक शाळेला दीडशेच्या वर मुलं असली तरच मुख्याध्यापक, असं ठरवलं. अण्णांच्या शाळांनी तो आकडा स्वप्नातही पाहिला नव्हता. हाताखाली एक गुरुजी, आणि शिपायाच्या जागी ते स्वतः.

नव्या गावात गेले की ते आधी रुळाचा तुकडा मिळवून कडुलिंबाला टांगत. घंटा रोज ठरल्या वेळी वाजू लागली की गाव आधी हसे, मग घड्याळ लावी, मग एखादी आई पोराचं नाक पुसून त्याला फाटकाशी आणून सोडी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांना अण्णा सायकल आडवी घालत, “पोराला आजीपाशी ठेवा” म्हणून हात जोडत. अशी शाळा जरा बाळसं धरते न धरते तोच बदलीचा आदेश येई. मग ट्रंक, स्टो आणि मी निघत असू. जुन्या शाळेचा पट एकानं घटे, नवीचा एकानं वाढे. चौथीपर्यंत मी तीन गावांच्या हजेऱ्यांत नांदलो. अण्णांचा फिरता पट म्हणजे मीच.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. आमच्याकडच्या पडताळणीच्या दिवशी तापानं फणफणलेला एक पोरगा घोंगडीत गुंडाळून आजोबांच्या खांद्यावरून शाळेत आला, गुरुजींचा आकडा कमी पडू नये म्हणून. आकडा जुळला. अण्णा मात्र रात्री नीट जेवले नाहीत.

अण्णांच्या निवृत्तीनंतर माझ्या मुलीचं बारसं पुण्यात झालं. अण्णा पाळण्यावर वाकले, सवयीनं बोटं चालू लागली आणि मधेच थांबली. आम्ही तिची शाळा केव्हाच ठरवली होती, इंग्रजी माध्यमाची. मोजायला उचललेलं बोट त्यांनी हळूच तिच्या मुठीत दिलं. तिनं ते घट्ट धरलं.

“हजर,” अण्णा पुटपुटले.