बाहीतली चिठ्ठी भिंतीवर

“हे तुम्हाला मागून नीट दिसणार नाही, पण...” अशी प्रस्तावना करून वक्ते पुढची स्लाइड लावतात, तेव्हा मला त्यांचं कौतुकच वाटतं. न दिसणारी गोष्ट दाखवायला जिगर लागते. पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळीच ओळी, खाली एक कोष्टक, एका कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह आणि दुसऱ्या कोपऱ्यात संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचं. मागच्या रांगेतून तक्रार मात्र येत नाही. आपण माणसं भिडस्त. शिवाय जेवण नुकतंच झालेलं असतं.

या स्लाइड्स श्रोत्यांसाठी केलेल्याच नसतात, असं माझं मत आहे. बोलताना काही राहून गेलं तर, या धास्तीने वक्त्याने त्या स्वतःसाठी केलेल्या असतात. परीक्षेत बाहीत लपवायची ती चिठ्ठी. इथे ती भिंतीएवढी करून लावायची, एवढाच फरक. मग तो ती वाचत सुटतो. पण मनातल्या मनात वाचणारा मोठ्याने वाचणाऱ्याच्या पुढेच असतो. साहेब दुसऱ्या मुद्द्यावर असतात, तोवर सभागृह सहावा मुद्दा संपवून घड्याळाकडे बघू लागलेलं असतं.

अमेरिकी लेखक गाय कावासाकी यांनी यावर 10-20-30 असा तोडगा सांगितला: स्लाइड्स 10, मिनिटं 20 आणि अक्षर 30 पॉइंटांहून लहान नाही. रोमन लिपीपुरतं हे ठीक. आपल्या अक्षराला वर वेलांटी नि रफार, खाली उकार. त्याला अंमळ ऐसपैस बसू द्यावं लागतं. ओळी दाटीने लावल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या रफाराच्या डोक्यावर पाय देतो. त्यात आपलं सादरीकरण ‘उद्दिष्टे व वैशिष्ट्ये’ यांच्याशिवाय सुरूच होत नाही. हे शब्द बारीक घेऊन वर ठळक केले की ‘ष्ट्य’चा नुसता काळा ठिपका उरतो. योजनांची उद्दिष्टं कुणाला कळत नाहीत, ते यामुळेही असेल.

मुद्दे पाडण्याची हौस कुठवर जाऊ शकते? अब्राहम लिंकन 1863 साली गेटिसबर्गला जेमतेम दोन-तीन मिनिटं बोलले. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी पुढे गंमत म्हणून त्या भाषणाचं पॉवरपॉइंट केलं. 87 वर्षांपूर्वी देश जन्माला आला, या उल्लेखाचा तिथे स्तंभालेख झाला. नवी राष्ट्रं: तेव्हा एक, आता शून्य. माहिती अगदी चोख! एखाद्या आढावा बैठकीत हा आलेख लावला असता, तर आपण माना डोलावून पुढच्या तिमाहीचं लक्ष्य विचारलं असतं.

एक स्लाइड मात्र बहुतेकांना साधते, ती शेवटची. एकच शब्द, भोवती भरपूर मोकळी जागा आणि दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्यालाही वाचता येईल एवढं अक्षर: ‘धन्यवाद’. तेवढी एक खरोखर श्रोत्यांसाठी केलेली असते. तिच्यावर एक गुलाबही असतो. गुलाबाची बाजू काही मी घेणार नाही.