अहो, डोळे एवढेच होते?

चष्मेवाल्यांत मान मायनसवाल्यांचा. लेसरच्या जाहिरातीत चष्मा भिरकावून हसणारी मुलगी असते ना, ती हमखास मायनसची. मी प्लसवाला, वर सिलिंड्रिकल नंबर, तोही तिरका. प्लसच्या भिंगामागे डोळे मोठे दिसतात. त्यामुळे शाळेपासून मी कुणाकडेही साधं पाहिलं तरी ऐकून घ्यायचो, "डोळे काय वटारतोस?"

लेसरलाही मायनसवाले सोपे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मधोमध जरा सपाट केला की झालं. प्लसवाल्याला मधे उंचवटा हवा, आणि लेसरला काढता येतं, घालता येत नाही. मग टेकाडाभोवती चर खणावा तसा कडेने गोल भाग काढतात. शरीर बेरकी, वरच्या थराने तो चर थोडाफार बुजवून टाकतं, आणि नंबर काही अंशी माघारी येतो.

या लेसरने पहिल्यांदा कुठलं मांस कापलं माहीत आहे? 1981 साली अमेरिकेत, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीत उरलेली टर्की! कापणारे आपले मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन. माझ्या लेसर ऑपरेशनच्या आदल्या रात्री हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "कोंबडीला काही झालं नाही ना? मग तुला काय होतंय!" टर्की आधीच शिजलेली होती, हे मी सांगितलं नाही.

आडवं पडलं की डोळा खोबणीत किंचित फिरतो. तिरक्या नंबरात तेवढ्यानेही हिशेब चुकतो, म्हणून डॉक्टरांनी मला बसवूनच डोळ्यावर शाईच्या खुणा केल्या. मग दिव्याकडे बघा, हलू नका, टकटक आवाज, केस जळल्यासारखा वास, आणि "झालं!"

झालं कसलं? प्लसवाल्याचा डोळा सुरुवातीला मायनसकडे झुकतो. गोळ्यांच्या पाकिटावरची एक्सपायरी मी बिनचष्म्याने घडाघडा वाचत होतो, पण समोर उभी एसटी कुठली, ते कंडक्टरला विचारत होतो. डोळे कोरडे ठक्क. अश्रू मेडिकलमधून विकत आणायचे, तेही पक्क्या बिलावर. बायकोने बिनचष्म्याचा चेहरा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "अहो, डोळे एवढेच होते?" या दुष्परिणामाची कल्पना संमतिपत्रात दिलेली नव्हती.

काही आठवड्यांनी लांबचंही स्वच्छ झालं. आता गाडी बिनचष्म्याने चालवतो. रात्री समोरच्या दिव्यांना देवादिकांसारखी वलयं दिसतात, तेवढं सोडा. पाऊण नंबर परत आलाय. चाळिशीचा दोष तर डोळ्याच्या आतल्या भिंगाचा, ते वयाने ताठर होतं. कॉर्नियावरच्या कोरीवकामाशी त्याला देणंघेणं नाही. पेपर वाचायला चष्मा लागतोच.

तेव्हा प्लसवाल्यांनो, डॉक्टरांना "नंबर किती जाईल?" एवढंच विचारून उठू नका, किती परत येईल, तेही विचारा. आणि चाळिशी गाठली असेल, तर चष्म्याचं घर एवढ्यात कुणाला देऊन टाकू नका.