नेटवाले नाना

सोसायटी म्हटली की तिथे पाण्याच्या टाकीवर नजर ठेवणारा एक असतो, पार्किंगवरून भांडणारा एक असतो आणि एक नाना असतात. नानांचं आडनाव कोणाला आठवत नाही. दारावरच्या पाटीवर ते ठसठशीत लिहिलेलं आहे, पण लोक त्या पाटीसमोर उभं राहून बेल दाबतात आणि विचारतात, "नाना आहेत का? नेट गेलंय."

आमचे नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. डोंबिवलीत फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची तेव्हाच्या काळातले ते. खांबावर चढलेले, पावसात गटारात उतरून केबल जोडलेले. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ही तारीख त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. दरवर्षी झेंडावंदन झालं, जिलेबीची पाकिटं वाटून झाली, की कोणाचा तरी दंड धरून ते सांगतात, "दोन्ही स्वातंत्र्यं एकाच तारखेची. पहिलं फुकट मिळालं नाही, दुसऱ्याचंही बिल येतं." मग मॉडेमचा तो खरखर-किंचाळ आवाज तोंडाने काढून दाखवतात. लहान मुलं खूश होतात. मोठी माणसं हळूच लिफ्टकडे सरकतात.

नानांचा हवेवर विश्वास नाही. "वायरीतून येतं ते दिसतं. कुठे तुटलं ते बोटाने दाखवता येतं. हवेतून येतं म्हणतात, त्याचा जामीन कोण?" असा त्यांचा सवाल असतो. त्यामुळे कोणाकडे बोलावणं आलं की त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असते. कोणत्याशा लग्नात आहेर म्हणून मिळालेली, वधूवरांची नावं आता धुवून निम्मी गेलेली. पिशवीत गुंडाळी केलेली लांबलचक लॅन केबल, टेस्टर, पेन्सिल टॉर्च, दोन पेनड्राइव्ह, रबरबँड लावलेली डायरी आणि जवळचा चष्मा. लांबचा डोळ्यांवर असतो. काम चालू असताना ते दोन्हींची इतक्या वेळा अदलाबदल करतात, की शेवटी एक कपाळावर जातो आणि तोच सगळं घर शोधत बसतं.

येऊन ते कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. खुर्चीत बसतात, चहा येऊ देतात आणि जबानी घेतात.

"बंद पडण्याआधी काय केलं होतंत?"

"काही नाही हो नाना."

हे उत्तर नानांनी इतक्या घरांत ऐकलंय, की त्यातल्या छटा त्यांना कळतात. नुसतं "काही नाही" म्हणजे अपडेट आला होता आणि बटण दाबलं. "काहीच नाही" म्हणजे नातू बसला होता. आणि "अहो, शप्पथ काही नाही," असं म्हणताना नवरा बायकोकडे बघत असेल, तर नाना सरळ मागच्या बाजूच्या वायरी तपासायला घेतात.

त्यानंतरची पद्धत मात्र दाद देण्यासारखी आहे. आपण सगळे काय करतो? राऊटर बंद-चालू, मग कॉम्प्युटर बंद-चालू, मग चार सेटिंग बदलतो, मग कंपनीला फोन लावतो आणि तिथल्या मुलीवर डाफरतो. नेट आलंच, तर कशाने आलं ते कळत नाही. नाही आलं, तर आता मूळचा बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता, हेही कळत नाही. नानांचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि डायरीत लिहायची. "दोन फ्यूज एकदम काढले तर गेलेला कोणता ते देवालाही सांगता येणार नाही," हे त्यांचं खात्यातलं वाक्य.

आधी ते दिव्यांकडे बघतात. फायबरच्या डब्यावरचा एल.ओ.एस.चा दिवा लाल असेल तर ते चहा संपवून उठतात, कारण मग प्रकाशच घरात येत नाहीये आणि काम कंपनीच्या माणसाचं आहे. दिवे ठीक असतील तर घरातल्या कोणाचा तरी मोबाइल मागतात आणि आधी त्याचा मोबाइल डेटा बंद करतात. ही पायरी भले भले विसरतात. "मोबाइलवर तर व्हॉट्सअॅप चाललंय की," असं छातीठोक सांगणाऱ्याचं व्हॉट्सअॅप निम्म्या वेळा सिमवर चाललेलं असतं. डेटा बंद करूनही चाललं, तर राऊटर निर्दोष सुटला, आरोपी कॉम्प्युटर.

मग ती काळी खिडकी उघडते. नाना एका बोटाने, प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत, आयपी-कॉन्फिग टाइप करतात. पत्ता 192.168 ने सुरू झाला तर मान डोलावतात. 169.254 ने सुरू झाला तर त्यांचा चेहरा उजळतो. हा आकडा म्हणजे राऊटरने पत्ता दिलाच नाही, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच एक ठोकून दिला. नाना म्हणतात, "पत्रिका आली नाही म्हणून स्वतःच पत्रिका छापून मांडवात येऊन बसलेला पाहुणा. त्याला जेवायला कोण वाढणार?" पत्ता बरा असेल तर पुढे 8.8.8.8 ला पिंग. तिकडून उत्तर येतंय पण एकही साइट उघडत नाही, म्हणजे रस्ता चालू आहे आणि फक्त नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस रुसलाय. हे सगळं ते यजमानांना समजावून सांगतात. यजमान "हो, हो" म्हणतात आणि घड्याळ बघतात.

या माणसाचा सुगीचा हंगाम म्हणजे 2025 चा ऑक्टोबर. विंडोज 10 ला सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट मिळणं 14 ऑक्टोबरला थांबलं. जुलै 2015 मध्ये आलेली ती विंडोज, दहा वर्षं लोकांच्या अंगवळणी पडलेली. आणि ही तारीख पडली नेमकी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. एकीकडे घराघरांत विंडोज 11 चढत होती, दुसरीकडे जळमटं काढली जात होती. ज्याचं नेट गेलं तो अपग्रेडला शिव्या घालत नानांकडे आला. नाना जाऊन पाहतात तो टीव्हीमागची धूळ झटकताना कुंच्याच्या दांड्याने राऊटरची पिन अर्धी बाहेर आलेली. अशा ठिकाणी नाना पिन आत ढकलतात, पण लगेच नाही. आधी पाच मिनिटं स्क्रीनकडे गंभीरपणे बघतात. गृहिणीची लाज राखायची त्यांची ही पद्धत आहे आणि मला ती फार आवडते.

खरा खटला झाला तो तिसऱ्या मजल्यावर. तिथले बँकेतून निवृत्त झालेले साहेब शेअर बाजारात रमतात. त्यांचा डेस्कटॉप जुना, विंडोज 11 त्याला पायरीशीही उभं करत नव्हती. तिला टीपीएम 2.0 लागतो आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर. पण साहेबांचा भाचा आयटीत. आयटीतला भाचा हा नानांचा जन्मजात प्रतिस्पर्धी. त्याने रविवारी येऊन काहीतरी पळवाट काढून अकरा चढवली, पोहे खाल्ले आणि हिंजवडीला निघून गेला. सोमवारी सकाळी साहेबांनी कॉम्प्युटर लावला तर कोपऱ्यात वायफायच्या पंख्याऐवजी पृथ्वीचा गोळा.

नाना पोचले तेव्हा साहेब येरझाऱ्या घालत होते.

"नाना, सव्वानऊला मार्केट उघडतं."

"उघडू दे. साडेतीनला बंदही होतं. शेवटचा हात कोणाचा?"

"भाच्याचा. पण त्याने काही केलं नाही, फक्त अपग्रेड केलं."

नानांनी बशीत चहा ओतला. डिव्हाइस मॅनेजर उघडला. नेटवर्कच्या रकान्यात वायफाय कार्डाचं नावच नव्हतं. खाली 'अननोन डिव्हाइस' आणि शेजारी पिवळा त्रिकोण. नव्या विंडोजला ते जुनं कार्ड ओळखताच येत नव्हतं. साहेबांनी मोबाइलवरून भाच्याला स्पीकरवर घेतलं.

"सोपं आहे काका," भाचा म्हणाला, "ड्रायव्हर गेलाय. साइटवर जा आणि डाउनलोड करा."

"कशावरून?" नानांनी विचारलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "नाहीतर फॉरमॅट मारा."

फॉरमॅट हा शब्द नानांच्या समोर काढू नये. डोकं दुखतंय म्हणून डोकंच उडवा म्हणणाऱ्यांशी ते वाद घालत नाहीत. त्यांनी पिशवीतून केबलची गुंडाळी काढली. राऊटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मधल्या जमिनीवर काकूंनी वर्तमानपत्रं अंथरून त्यावर चिवड्याचे पातळ पोहे सुकायला घातलेले. केबल पोह्यांवरून न्यावी की पोहे उचलावेत, यावर नानांपेक्षा मोठी तज्ज्ञ समिती बसली. अखेर साहेबांनी एका बाजूने आणि मोलकरणीने दुसऱ्या बाजूने वर्तमानपत्र उचलून धरलं आणि नाना खालून वायर ओढत, वाकून, आत गेले. टक् आवाज करून पिन बसली. नऊ वाजून दहा मिनिटांनी नेट आलं.

साहेब खुर्चीकडे झेपावले. नानांनी हात आडवा धरला. "थांबा. आता ड्रायव्हर."

"अहो, आलंय ना!"

"वायरीवर आलंय. काकू ही वायर दुपारपर्यंतही ठेवू देणार नाहीत."

काकूंनी स्वयंपाकघरातून दुजोरा दिला. कार्ड बनवणाऱ्याने अकरासाठी ड्रायव्हर काढलाच नव्हता. नानांनी दहाचाच उतरवून घेतला आणि बसवला. दहाचे ड्रायव्हर अकरावर बहुतेक वेळा चालतात. पृथ्वीचा गोळा गेला, पंखा आला. मार्केट तोवर उघडून बराच वेळ झाला होता. साहेबांना जो शेअर सकाळी विकायचा होता, तो विकायचा राहिला, आणि दुपारी वर गेला. हे श्रेयही नानांनी नाकारलं नाही.

एवढा गुणी माणूस, तर त्याच्यात खोट काय, असं वाटेल. आहे ना. काम झाल्यावर नाना जात नाहीत. आलोच आहे तर म्हणून ते शटडाउन आणि रीस्टार्टमधला फरक सांगायला बसतात: विंडोज 8 पासून शटडाउन केलं तरी कॉम्प्युटर बऱ्याच वेळा पुरता बंद होत नाही, थोडी स्थिती डिस्कवर जपून ठेवतो आणि म्हणून अडलेलं सोडवायला रीस्टार्टच हवा. माहिती अगदी खरी आहे, पण कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चालते. मग ते वायफायचा पासवर्ड "फारच कच्चा आहे" म्हणून बदलतात. नवा पासवर्ड बारा अक्षरांचा, त्यात आकडे, चिन्हं, एक कॅपिटल. तो ते लिहून ठेवतात, पण स्वतःच्या डायरीत. त्यामुळे आमच्या इमारतीत पाहुणा आला आणि त्याने वायफाय मागितलं की यजमान नानांना फोन करतो. नाना गावाला गेले की पाहुण्यांना सिमवर दिवस काढावे लागतात.

त्यांच्या स्वतःच्या घरी वहिनींच्या मोबाइलला आतल्या खोलीत नेट पोचत नाही. वहिनी गेली कित्येक वर्षं सांगताहेत. नानांचं म्हणणं, तिथवर वायर टाकू. वहिनींचं म्हणणं, मोबाइलला वायर कुठे लावणार? हा खटला अजून चालू आहे.

पैसे ते घेत नाहीत. घेतात त्या चकल्या, आणि त्याही डब्यात घालून दिल्या तर डबा परत करायला म्हणून पुन्हा येतात आणि जाता जाता राऊटरचे दिवे बघतात. सगळे हिरवे दिसले की किंचित हिरमुसतात.

तर तुमच्याकडे अपग्रेड व्हायचं असेल, तर आपल्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर आधीच एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा आणि राऊटरचा पासवर्ड स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. तरीही नेट गेलंच, तर नानांना लवकर बोलवा, भाच्याच्या सुट्टीची वाट बघू नका. जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात घरातच असते आणि मागे फिरायची सोयही असते, पण फक्त दहा दिवस. अकराव्या दिवशी नानासुद्धा काही करू शकत नाहीत.