पालखेडला गाणं कुठे बसवायचं?

श्री. संजय लीला भन्साळी यांस,

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक लिहितो आहे.

तुमचा 'बाजीराव मस्तानी' डिसेंबर २०१५मध्ये आला तेव्हा प्रोझोन मॉलमध्ये लगोलग जाऊन पाहिला. आता तो टीव्हीवर इतक्यांदा लागतो, की गुन्ह्याची उजळणी घरबसल्या होते. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर सिनेमा, म्हणून केवढी कॉलर ताठ झाली होती आमची! १९७२ सालची ती कादंबरी आमच्या घरी वाचनालयातून आली, की आधी आई, मग आत्या, मग शेजारच्या काकू असा मुक्काम करत दंड चढल्यावरच परत जायची. तुमच्या हाती बहुधा मधली पानं गळालेली प्रत पडली असावी. चित्रं नाहीत म्हणून तुम्ही कंटाळला असाल, तेही समजू शकतो.

'पिंगा' या गाण्याबद्दल बोलत नाही. बाजीरावाच्या पत्नी काशीबाईंचा पाय अधू होता असं वाचत आम्ही मोठे झालो. तुमच्या कृपेने तो बरा झाला, आनंद आहे. नायकाच्या आयुष्यातल्या दोन्ही स्त्रियांना एका गाण्यात गुंफल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, हे २००२च्या 'देवदास'पासून ठाऊक आहे. तेव्हा 'देवदास'कार शरच्चंद्रांची पाळी होती, आता इनामदारांची. पुण्यात लोकांनी पहिल्याच दिवशी खेळ बंद पाडले. त्यांतल्या किती जणांनी 'राऊ' उघडली होती, हा वेगळाच विषय. इनामदारांनीही कल्पनेचा घोडा दौडवलाच होता. कादंबरी म्हणजे बखर नव्हे, एवढं आम्हाला कळतं.

माझी तक्रार तालुक्याची आहे. वैजापूर तालुक्याची.

'राऊ' वाचून झाली की आमच्याकडचा वाचक नकाशा काढून याच तालुक्यातलं पालखेड शोधतो. १७२७मध्ये निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांना पुढे करून शाहू महाराजांविरुद्ध डाव मांडला आणि थेट पुण्यापर्यंत मुसंडी मारली. बाजीराव पुणं वाचवायला गेलाच नाही. त्याने जालना-सिंदखेडचा मुलूख उद्ध्वस्त केला, बुऱ्हाणपूरची हूल दिली, गुजरातेत शिरला आणि उलटा फिरून औरंगाबादच्या रोखाने आला. खुद्द राजधानीच जाते म्हटल्यावर निजाम जड तोफखाना मागे टाकून धावत सुटला. फेब्रुवारी १७२८मध्ये मराठ्यांनी त्याला पालखेडजवळ कोंडलं. दाणा बंद, वैरण बंद, पाणी बंद. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह. बाजीराव तेव्हा २७ वर्षांचा होता. फील्ड मार्शल मॉंटगोमेरींनी युद्धांच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात या मोहिमेची तोंड भरून स्तुती केली, ती उगाच नाही. उन्हं तापू लागल्यावर वैजापूरकडे कुणाचं पाणी तोडणं म्हणजे काय, हे मराठवाड्याला समजावून सांगावं लागत नाही. (आजही हे शस्त्र चालतं, फक्त ते टँकरवाल्याच्या हाती असतं.)

तुमची अडचण मी ओळखतो. या लढाईत लढाईच फारशी नाही. नुसती दौड, धूळ आणि विहिरी. समया लावायच्या कुठे? तहानेने व्याकुळ झालेल्या फौजेला कोरसमध्ये उभं करायचं कसं? तेव्हा पालखेड तुम्ही गाळलंत आणि वाचलेल्या वेळात आरसेमहाल बांधलात. शत्रूच्या दोन पावलं पुढचा विचार करणारा पेशवा गेला. 'मल्हारी' गाण्यावर फौजेसह ठेका धरणारा आला.

शेवटी तर कमालच केलीत. तुमचा बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्या सैन्यावर एकटाच तुटून पडतो! माणसं न कापता निजामाला गुडघ्यावर आणणारा हा सेनापती, आणि त्याला ही अवदसा? प्रत्यक्षात १७४०च्या फेब्रुवारीत त्याने नासिरजंगाशी मुंगी-पैठणला तह केला, हंडिया-खरगोणची जहागीर पदरात पाडून घेतली, नर्मदेकडे गेला आणि २८ एप्रिलला रावेरखेडीला तापाने वारला. तापाला सेट लागत नाही, हेच त्याचं चुकलं.

तन्वी आझमींनी उभी केलेली बाजीरावाची आई राधाबाई पाहताना मात्र वाटलं, की चमूत एकाने तरी पुस्तक वाचलंय. आणि दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक तुम्हालाच मिळालं, तेव्हा हा खटला आम्ही हरलो आहोत याची जाणीव आहे. तरी कधी इकडे आलात, तर तुमचा निजाम आणि तुमचा नासिरजंग दोघेही खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात आहेत. रझा मुराद यांना सोबत आणा. निजाम त्यांनी भारदस्त केला होता.

एक विनंती राहिली. इनामदारांनी औरंगजेबावर 'शहेनशहा' नावाची कादंबरी लिहिली आहे. ती कुणी तुम्हाला भेट दिलीच, तर कृपा करून नुसती वाचा. त्याचीही कबर खुलताबादलाच आहे. साधी, उघड्यावरची. वर छतच नसल्यामुळे झुंबर टांगायची सोय नाही.



आपला,
दंड भरून 'राऊ' वाचलेला एक वाचक