हप्तेकरीण

मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत, जिथे चारपेक्षा जास्त बायका एका दालनात बसतात तिथे एक हप्तेकरीण असतेच. नव्या माणसाला ती पटकन सापडत नाही. डोळ्यांत भरावं असं तिच्या अंगावर काही नसतंच. धुऊन धुऊन मऊ पडलेली कॉटनची साडी, पिनेने पक्का केलेला पदर, रोजचं मंगळसूत्र आणि लग्नातलं घड्याळ. तिची खूण वेगळी आहे. पावणेदहाच्या सुमारास दारात नव्या साडीची सळसळ झाली की बाकीच्या "अय्या, कधी घेतलीस?" म्हणून उठतात. हप्तेकरीण उठत नाही. चष्मा नाकावर जरा खाली ओढते, काठापासून निऱ्यांपर्यंत एकदा नजर फिरवते आणि पुन्हा फाइलीत डोकं घालते. तेवढ्यात साडीची किंमत, फॉल-पिको, ब्लाउजची शिलाई आणि दुकानापर्यंतचं टॅक्सीभाडं धरून बेरीज झालेली असते. बेरजेला ती आपल्या हप्त्याने भागते. डबा उघडता उघडता निकाल लागतो, "अर्धा हप्ता नेसून आलीय बाई."

आमची हप्तेकरीण बदलापूरला राहते. २०२१ साली तिने आणि नवऱ्याने तिथे वन बीएचके घेतला. कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षं, व्याज त्या वेळी ७ टक्के आणि हप्ता २३,२५९ रुपये. कुणी जन्मतारीख विचारली तर तिला क्षणभर आठवावी लागते, हा आकडा आठवावा लागत नाही. पहिल्या हप्त्यातले १७,५०० व्याजात गेले आणि मुद्दलाचे फिटले ते फक्त ५,७५९, हे तिला बँकेच्या कागदावर दिसलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे या महिन्यात आपण मोरीच्या दोन फरश्या घेतल्या."

मग मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. आमच्या कार्यालयात रेपो दर म्हणजे काय ते सांगू शकणारी माणसं दोनच, लेखाधिकारी आणि ती. लेखाधिकाऱ्यांनी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. तिच्या हप्त्यात व्याज इतकं फुगलं की मुद्दलाला टेकायला जागा उरेना. बँकेने थोडा हप्ता वाढवला, बरीचशी मुदत वाढवली आणि शेवटचा हप्ता तिच्या निवृत्तीच्या पलीकडे जाऊन बसला. (सरकार ५८ व्या वर्षी नारळ देतं, बँकेला तशी घाई नसते.) २०२५ साली दर उतरायला लागले, ते मुदतीतून वजा झाले, हातात दमडी पडली नाही. उलट्या दिशेने येणारे हप्ते तिने आयुष्यात एकदाच पाहिले. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे ते पाच हप्ते आले रडतखडत आणि गेले तडक बिल्डरकडे.

अशा बाईच्या समोरच्या टेबलावर कोण बसावी, हे आस्थापना शाखेने ठरवलं. त्या शाखेला काळीज नसतं हे आम्हाला माहीत होतं, पण नजरही नसेल असं वाटलं नव्हतं.

समोरची सोमवारी इरकल नेसते. मंगळवारी मंगलगिरी, बुधवारी लिनन, गुरुवारी काही तरी असं की ज्याचं नाव विचारायलाच अर्धा दिवस जातो. ब्लाउज साडीला जुळणारा नसतो, मुद्दाम न जुळणारा असतो, आणि तसा न जुळणारा ब्लाउज शिवून घ्यायला जुळणाऱ्यापेक्षा जास्त पैसे पडतात. बरं, बाई गर्विष्ठ म्हणावी तर तेही नाही. थंडीत डिंकाचे लाडू आणते, कुणाच्या मुलीला दहावीत नव्वद टक्के पडले की पेन देते, साहेबांपुढे दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेते. हप्तेकरणीची खरी पंचाईत इथे आहे. मत्सर सुखाने करायचा तर समोरच्या माणसात थोडी खोट लागते. ती शोधण्यात तिची तीन वर्षं गेली.

पहिला संशय अर्थातच क्रेडिट कार्डावर. "सगळं कार्डावर असणार बघ," ती मला म्हणाली. "किमान रक्कम तेवढी भरायची आणि बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाचे किती झाले? बेचाळीस! माझं होमलोन त्यापुढे देवमाणूस. बुडणार गं ती, कुणीतरी सांगायला हवं." आवाजात पाव भाग काळजी होती आणि पाऊण भाग आशा.

मग त्या बाईंनी घरी सत्यनारायणाला बोलावलं आणि आशेचा निकाल लागला. गिरगावात चर्नी रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर चाळ. सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेली पागडीची जागा, दोन खोल्या एकत्र केलेल्या. महिन्याचं भाडं हप्तेकरणीने प्रसादाचा शिरा खाता खाता, दुसऱ्याच काही विषयावरून, अलगद काढून घेतलं. ते समोरचीच्या एका ब्लाउजच्या शिलाईपेक्षा कमी होतं. कर्ज नाही, कार्ड नाही, लोकल नाही. परतीच्या वाटेवर ती सीएसएमटीपर्यंत एक अक्षर बोलली नाही. बदलापूर गाडीत चौथी सीट मिळाल्यावर तिचा राग बाहेर पडला, तो समोरचीवर नव्हता, स्वतःच्या आजेसासऱ्यांवर होता. "गिरगावात पाच वर्षं राहिला तो माणूस! शेजारची खोली रिकामी होती म्हणे. आणि हा आंबे राखायला कोकणात परत गेला!" ज्या गृहस्थांना तिने भिंतीवरच्या तसबिरीपलीकडे पाहिलं नाही, त्यांच्याशी तिचं तेव्हापासून पटत नाही. सर्वपित्रीला पान वाढते, पण नाइलाजाने.

मला तिचं म्हणणं पटतं. मुंबईत साडी कपाटात ठरत नाही, पत्त्यावर ठरते. बसने पंधरा मिनिटांत येणारीच्या निऱ्या चाकूच्या धारेसारख्या राहतात. बदलापूरहून सकाळच्या गाडीला लोंबकळत येणारीच्या पदरात कुणाच्या तरी बॅगेची चेन अडकलेली असते, खांद्यावर कुणाच्या तरी केसांचं तेल असतं, आणि गर्दीत पायाखाली आलेला काठ कार्यालयाच्या नळाखाली धुवावा लागतो. तिच्याकडे सिल्क नाही असं नाही. पण कुर्ला स्टेशनावर ते नेसून उभं राहण्याची तिची हिंमत होत नाही.

तरी तिचं सैन्य पाहण्यासारखं आहे. कार्यालयीन साड्या अकरा, ब्लाउज चार. एक काळा, एक मरून, एक सोनेरी आणि एक खणाचा, जो कशावरही चालतो आणि म्हणून दर तिसऱ्या दिवशी चालतो. शासकीय दैनंदिनीच्या मागच्या कोऱ्या पानांवर कुठल्या तारखेला कुठली साडी आणि त्या दिवशी कुणाकुणाशी बैठक होती याची नोंद असते. जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांना एकच साडी दोनदा दिसलेली नाही. त्यांना एकदाही दिसलेली नसेल, हे मी तिला सांगत नाही. जुन्या साडीला तिने परवा नवा काठ लावून घेतला. समोरची म्हणाली, "किती सुंदर! नवीन?" ही खुशीत येऊन म्हणाली, "नाही गं, जुनीच आहे," आणि मग दिवसभर पस्तावली.

पण तिचं खरं मोठेपण कळलं ते पैठणीच्या दिवशी. आमच्या अधीक्षकांचा निरोप समारंभ होता. समोरची जांभळी पैठणी नेसून आली, येवल्याहून आणलेली. दालनात हलकल्लोळ. फोटो झाले, सेल्फी झाले, "देवी दिसतेस" झालं. हप्तेकरीण जागची हलली नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा संपवला, साबणाने हात धुतले, रुमालाने कोरडे केले, बोटांची टोकं पुन्हा एकदा पुसली आणि समोरचीपाशी जाऊन म्हणाली, "बघू गं." पदर उचलला आणि उलटा केला.

साडीच्या सुलट बाजूकडे तिने पाहिलंही नाही. यंत्रमागावरच्या पैठणीला मागून सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. हातमागावर पदर विणताना एकेका रंगाचा धागा तेवढ्याच जागेत गुंतवत नेतात, म्हणून मोर पुढून जसा दिसतो जवळजवळ तसाच मागूनही दिसतो. तिने करंगळी मागच्या बाजूने मोराच्या मानेवरून पिसाऱ्यापर्यंत नेली. सुटा धागा लागावा अशी तिची मनापासून इच्छा होती, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. बोट कुठेच अडलं नाही. मग ती काठावर गेली, तिथे पोपटांची ओळ होती, तीही उलटी करून पाहिली. पुढे जो आवाज निघाला तो न्यायाधीशाचा होता. "हातमाग. पदरावरच महिनाभर बसला असेल माणूस. सांभाळ. घडी दर दोन महिन्यांनी मोड, नाहीतर जर तुटेल. आणि पदराला पिन लावलीयस ती आधी काढ."

समोरची बघत राहिली. तिला आपण काय नेसलोय हे त्या दिवशी कळलं. तिचा सगळा अभ्यास "दुकानदार म्हणाला चांगली आहे" इथे संपत होता. आणि हिने आयुष्यात एकही खरी पैठणी घेतलेली नाही. खात्याच्या कामाला एकदा येवल्याला गेली होती, बस यायला वेळ होता, तेवढ्यात एका विणकराच्या दारात उभी राहून सगळं विचारून आली. पाणी पिऊन आली, साडी न घेता.

त्या दिवसानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुलाच्या परीक्षेसाठी हप्तेकरणीने आठवडाभर रजा काढली होती. त्या आठवड्यात समोरची दोन दिवस एकाच पंजाबी ड्रेसवर आली. तिसऱ्या दिवशी साडी नेसली, पण ती कशीबशी गुंडाळलेली. आम्ही बाकीच्या "छान, छान" म्हणत होतो. त्यावर तिचं समाधान होत नव्हतं आणि तिचं चुकतही नव्हतं. आम्हाला टसर आणि आर्ट सिल्क यातला फरक कळत नाही, आमच्यासाठी कुणी का म्हणून सकाळी निऱ्या मोजत बसावं? पुढच्या सोमवारी रजेवरची हजर झाली आणि समोरची महेश्वरी नेसून आली. इकडे चष्मा खाली सरकला, तिकडे पाठ ताठ झाली.

तेव्हा हिचा मत्सर वाईट आहे असं माझं मत नाही. गाण्याच्या बैठकीत पहिल्या रांगेतले देणगीदार डुलक्या काढतात आणि मागे खांबाला टेकलेला एखादा मात्र सम चुकली की तोंड वाकडं करतो, गवई गातो ते त्याच्यासाठी. एवढं मात्र खरं की तोंड वाकडं करणाऱ्याला घरी जाऊन बरं वाटत नाही. तिलाही वाटत नाही. कधीकधी गाडीत खिडकीशी बसून ती बराच वेळ बोटं मोजते. मी विचारत नाही. एकतर वर्षं मोजत असते, नाहीतर साड्या.

वर्षातून एकदा मात्र हिशेबात तिचा हात कुणी धरू शकत नाही, तो नवरात्रात. नऊ दिवसांचे नऊ रंग पोथीत सापडणार नाहीत, वर्तमानपत्रांनी ते रुळवले आणि लेडीज डब्याने त्यांना कायद्याचं रूप दिलं. हिने चार-पाच वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी मांडल्या आणि तिच्या लक्षात आलं की रंग वाराला बांधलेले असतात. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार नारंगी. उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतलं काहीतरी. आता राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केलेला आहे. शनिवारी-रविवारी कार्यालय बंद. म्हणजे राखाडी आणि नारंगी साडी घ्यायचं सरकारी नोकराला कारणच नाही! हा शोध तिने गुप्त ठेवला. बाकीच्या राखाडीच्या शोधात दादर पालथं घालत होत्या, तेव्हा ही शांतपणे टाचणं लिहीत होती.

२०२५ साली मात्र घोटाळा झाला. घट बसले सोमवारी, तिथी वाढून नवरात्र दहा दिवसांचं झालं (पंचांगानेही मुदत वाढवली, असं ती म्हणाली) आणि मोरपंखी नेमका दुसऱ्या सोमवारी, कामाच्या दिवशी आला. तिच्या अकरांत मोरपंखी नाही. एक हिरवट निळी नेसून आली आणि "ट्यूबलाइटखाली मोरपंखीच दिसते" असं सगळ्यांना पटवत राहिली. ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, झेरॉक्स मशीनच्या आड उभी राहिली. समोरची हळूच म्हणाली होती, "अगं, माझ्याकडे दोन आहेत, एक घे की." त्यावर ही म्हणाली, "नको गं, मला तो रंग शोभत नाही." जगात असा रंग नाही जो तिला शोभत नाही, पण समोरचीची साडी ती जन्मात नेसणार नाही.

तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे मोरपंखी साडी पडून असेल तर येत्या नवरात्राच्या आत कळवा. काठ कुठलाही चालेल. सिल्क नको, गाडीत टिकत नाही. धुऊन, इस्त्री करून, फॉल उसवला असेल तर लावून परत मिळेल. तारण नाही, पण तिचा सिबिल स्कोअर आठशेच्या वर आहे आणि आजवर तिचा एकही हप्ता चुकलेला नाही.