गोड नाही ना, मग वाढा!

पुण्यात शिवाजीनगरला साखर संकुल आहे. राज्यात यंदा ऊस किती गाळला, उतारा किती पडला, साखर किती वाढली याचा हिशेब तिथं ठेवतात आणि आकडा चढला की सगळ्यांना बरं वाटतं. त्याच शहरात रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. तिथं साखरेचा आकडा चढला की कुणालाच बरं वाटत नाही. आमचे मामा या दोन इमारतींच्या मधोमध कुठंतरी राहतात आणि मनानं कायम शिवाजीनगरला असतात.

मामांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, साडेआठ निघाली. साडेसहापासून पुढं डायबेटिस धरतात. मामांनी रिपोर्ट दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि ‘बॉर्डरला आहे’ असं जाहीर केलं. सीमाप्रश्नाच्या बाबतीत मराठी माणूस पहिल्यापासून हळवा. बॉर्डर दोन पूर्णांकांनी मागं पडली तरी मामा तिच्यावरचा हक्क सोडायला तयार नाहीत.

त्या दिवसापासून घरात पथ्य सुरू झालं. पथ्य म्हणजे चहातली साखर बंद. आपल्याकडं या दुखण्याशी जी काही लढाई व्हायची ती कपबशीतच होते. मामा बिनसाखरेचा चहा घेताना असा चेहरा करतात की समोरच्यानं पहिल्या घोटालाच सांत्वन करावं. पाहुणे विचारतात, ‘अगदी गोड बंद?’ मामा डोळे मिटून मान हलवतात. कप खाली ठेवेपर्यंत मामींनी पोह्यांची बशी पुढं सरकवलेली असते. दुसरी बशी मागावी लागत नाही. एवढ्या त्यागापोटी ती आपोआप येते.

आता जरा हिशेब करू, कारण मामा करणार नाहीत. चहाच्या चमच्यात साखर मावते साधारण ५ ग्रॅम. एका बशीला कोरडे पोहे लागतात ६० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यांत कर्बोदकं भरतात ४५ ग्रॅम. म्हणजे नऊ चमचे. दोन बश्यांचे अठरा. पोह्यांतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या. तोंडातल्या लाळेपासूनच त्या तुटायला लागतात आणि रक्तात उतरल्यावर त्यांचं पूर्वायुष्य कुणी विचारत नाही. पण पोह्यांवर संशय घ्यायचा कुणी? त्यांच्यावर कोथिंबीर असते, ओलं खोबरं असतं, शेजारी लिंबाची फोड असते आणि मुख्य म्हणजे ते गोड नसतात. मामी पूर्वी फोडणीनंतर चिमूटभर साखर भुरभुरायच्या. ती मात्र त्यांनी निर्धारानं बंद केली.

मामांनी पुढचा त्याग केला तो भाताचा. घरातल्या सगळ्यांना बोलावून केला. भात गेला आणि त्याच्या जागी दोन पोळ्या वाढल्या, कारण माणसानं उपाशी तर राहू नये. पोळ्यांवर डॉक्टर नाराज झाले तेव्हा भाकरी आली. २०२३ साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून नाचणी हे धान्य राहिलेलं नाही, ते औषध झालंय. औषध म्हटल्यावर मामा हात आखडता घेत नाहीत. नाचणीची भाकरी, नाचणीची बिस्किटं, नाचणीचे लाडू. लाडवात तूप-गूळ पडतं, पण ते नाचणीच्या सोबतीला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ‘इंडियाब’ नावाची देशभरची पाहणी आहे. २०२३ साली तिनं दहा कोटींच्या वर डायबेटिसवाले मोजले. गोव्यात तर प्रौढांमध्ये दर चारांत एकाहून जास्त. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये आपल्या ताटाचा हिशेब आला. रोजच्या कॅलरींपैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. भाताच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणलं, पण कर्बोदकं एकूण तेवढीच ठेवली, तर धोका कमी झालेला दिसत नाही. ती थोडी घटवून त्या जागी डाळी-कडधान्यांतलं किंवा दूध-दह्यातलं प्रथिन आणलं, तर मात्र दिसतो. मामांनी यातलं ‘दूध-दही’ एवढं उचललं. सध्या घरात आम्रखंडाची बोलणी चालू आहेत.

गुळाबद्दल तर काही बोलायलाच नको. मामींच्या स्वयंपाकघरात साखर ही सरकारी आहे आणि गूळ हा घरचा माणूस. शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. गुळात थोडं लोह-बिह असेल, पण बहुतेक ऐवज उसातली तीच सुक्रोज. कारखान्यात गेली तर साखर, गुऱ्हाळात गेली तर गूळ, एवढाच काय तो फरक. तरी ‘सेंद्रिय’ असं लिहिलेली ढेप घरात आली की मामा ती थोपटून पाहतात आणि एक खडा तोंडात टाकतात. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं सांगणारी म्हण आपलीच आहे. मामा ऊस खात नाहीत, ढेप खातात.

आणि एकादशी! पंढरीच्या वाटेवर कुणी चालो न चालो, साबुदाणा घरोघरी पोचतो. तो तामिळनाडूतल्या सेलमकडचा, टॅपिओकाच्या कंदापासून केलेला, म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. प्रथिन नावाला, तंतू नावालाही नाही. मूठभर दाण्याचं कूट घालतात तेवढाच त्याला आधार. ताटलीभर खिचडीत तेरा-चौदा चमचे साखरेइतका ऐवज असतो. जोडीला बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, केळ्याचं शिकरण. संध्याकाळी साखर मोजली की मामा म्हणतात, ‘बघा, दिवसभर उपाशी आहे तरी वाढली.’ यावर विठ्ठलानं काय उत्तर द्यावं?

‘मी जाड तरी आहे का?’ हा मामांचा ठेवणीतला प्रश्न. दिसायला मामा सडसडीत आहेत हे खरं. पण या प्रश्नाचं उत्तर पुण्यातच मिळतं. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून गुबगुबीत असू शकतो, हे एवढ्या प्रांजळपणानं स्वतःचाच फोटो छापून सांगणारा शास्त्रज्ञ विरळा. मामांनी तो फोटो निरखून पाहिला आणि ‘डॉक्टरांनाही होतं म्हणजे आपलं काय!’ म्हणत चकलीचा डबा उघडला. चकली भाजणीची असते. गोड नसते.

सकाळच्या फिरण्याचं एक वेगळंच विद्यापीठ आहे. अर्धा तास चालायचं आणि तासभर बाकावर बसून उपाय वाटायचे, असा तिथला अभ्यासक्रम. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्रभर भिजवलेली मेथी, भेंडीचं पाणी, विजयसाराच्या लाकडाचा पेला. मेथीतले तंतू थोडी मदत करतातही, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मंडळींचा नियम असा की उपाय ताटात काही *घालणारा* हवा, ताटातून काही *काढणारा* नको. कारल्याचा रस प्यायला की जिलबीला परवाना मिळतो. या बाकावर सुश्रुताचं नाव रोज निघतं. त्यानं निर्धन रोग्याला सांगितलेला उपाय मात्र कुणी काढत नाही: जोडा नाही, छत्री नाही, शंभर योजनं चालत सुटायचं, नाही जमत तर विहीर खणायची. आयुर्वेदावर पूर्ण श्रद्धा असूनही आमच्या सोसायटीत अजून कुणी विहीर खणायला घेतलेली नाही.

मध्ये महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ हा आहाराचा वाद लग्नकार्यांतून फार रंगायचा. एकीकडं दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवा. दुसरीकडं दर थोड्या तासांनी थोडं-थोडं खा, भात-तूप सोडू नका. मामांनी कुणाचंच मन मोडलं नाही. ते दोनदा पंचावन्न मिनिटं जेवत आणि मधल्या वेळेत दर दोन तासांनी थोडं-थोडं खात.

हा आजार आहारानं मागं हटू शकतो, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं ते मात्र खोटं नाही. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी ‘डायरेक्ट’ नावाचा प्रयोग केला, २०१७ च्या अखेरीस त्याचे निष्कर्ष आले. आजार जडून सहा वर्षं झाली नव्हती अशी माणसं घेतली. तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आतबाहेर कॅलरी, त्याही सूप आणि शेकमधून. गोळ्या बंद केल्या त्या डॉक्टरांनी, देखरेखीखाली. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांविना डायबेटिसच्या रेषेखाली होती; १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत ८६ टक्क्यांची. यकृत आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की इन्शुलिनचं काम पुन्हा चालू लागतं, असा टेलर यांचा सिद्धांत. यातलं मामांनी ‘गोळ्या बंद’ एवढं ऐकलं आणि त्याच रात्री बंद केल्या. सूप सुरू केलं, जेवणाआधी. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी जे ऐकवलं ते कौटुंबिक वृत्तपत्रात छापता येणार नाही.

तेव्हापासून घरात ग्लुकोमीटर आला आहे. पहिल्या दिवशी मामांनी बोट टोचलं आणि २९० आकडा आला. घरात धावपळ. मग मामींच्या लक्षात आलं की यांनी नुकताच हापूस चोखला होता आणि बोटं धोतराला पुसली होती. बोटावर फळाचा रस असला तर मीटर तोही मोजतो, म्हणून आधी हात साबणानं धुऊन कोरडे करायचे असतात. हात धुऊन पुन्हा मोजलं, २१५. ‘पंचाहत्तरनं उतरली,’ मामा समाधानानं म्हणाले. हापूसाबद्दल कुणी विचारलं नाही.

तपासणीची तारीख जवळ आली की मामा चार दिवस साधूसारखे वागतात. उपाशीपोटीची साखर तेवढ्यानं थोडी ऐकतेही. पण तीन महिन्यांची ऐकत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर त्यांच्याबरोबरच जाते. तो रिपोर्ट म्हणजे शरीराचा सातबारा. काय पेरलं होतं ते सगळं नोंदलेलं, दिवाळीतल्या करंज्यांसकट, आणि इथं तलाठी भेटत नाही.

शेवटी एका आहारतज्ज्ञ बाईंनी मामांना काहीच बंद करायला सांगितलं नाही, फक्त क्रम बदलायला सांगितला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, आमटी किंवा अंडं, आणि सगळ्यात शेवटी थोडा भात किंवा एक भाकरी. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली ११ जणांवर हे करून पाहिलं होतं. तेच जेवण, तेवढंच जेवण, पण भाजी आणि प्रथिन आधी खाल्लं तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. माणसं अकराच, पण उपाय बिनपैशाचा. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाला, असंही बाई म्हणाल्या. स्नायू चालू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात.

मामांनी हे पहिल्यांदा आजमावलं ते पुतण्याच्या लग्नात. आता मराठी पंगत आठवून पाहा. पानाच्या डावीकडं मीठ, लिंबू, चटणी आणि चमचाभर कोशिंबीर. ती खायला नसते, पान भरलेलं दिसावं म्हणून असते. मधोमध वरण-भाताची मूद, वर तूप. जेवण सुरू होतं भातानं, मध्ये येतो मसालेभात, शेवट ताकभातानं. मामांनी मूद बाजूला सारली आणि वाढप्याकडं कोशिंबीर मागितली. तो दचकला. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा त्यानं आचाऱ्याला विचारून येतो म्हटलं. तिसऱ्यांदा यजमान स्वतः धावत आले, ‘काही चुकलं का आमचं?’ आणि भरपाई म्हणून पानात चार जिलब्या घालून गेले. आग्रहाच्या जिलबीला नाही म्हणणं मामांना जमत नाही. शिवाय क्रमानं त्या शेवटी आल्या होत्या.

आता अधिक महिना तोंडावर आलाय. जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे असतात आणि राजापूरच्या आमच्या आजींचे, म्हणजे मामांच्या सासूबाईंचे, मामा हे एकुलते एक जावई. आठवडाभर फोन चालू आहेत. बत्तासे द्यावेत, तर ती नुसती साखरच. अनारसे रुपयाएवढे करावेत, तर लोक काय म्हणतील. काल रात्री आजींना तोड सुचली. वाण जाळीदार हवं ना, मग घावनालाही सुरेख जाळी पडते. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ. साखरेचा कणही नाही. मामींनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात आतल्या खोलीतून मामा ओरडले, ‘तेहेतीस घावन कोरडे कसे खायचे? घाटलं नको का सोबत?’

‘करते ना,’ पलीकडून आजी म्हणाल्या. ‘गुळाचं करते. साखर नाही हो घालत.’