भाऊ ट्रिपल सेव्हन

भाऊंचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलंय. एरवी सगळं ऑफिस त्यांना ‘भाऊ ट्रिपल सेव्हन’ म्हणतं.

लिनक्सच्या लेखी प्रत्येक फाईलपुढे तीन प्रकारची माणसं उभी असतात: मालक, फाईलचा गट आणि उरलेले उपरे. वाचायला चार गुण, लिहायला दोन, चालवायला एक. तिघांनाही पैकीच्या पैकी दिले की होतात ७७७. भाऊ मोठे सढळ परीक्षक. आजवर त्यांनी कुणालाही नापास केलेलं नाही.

अपडेट चालू असताना पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ उमटलं की आम्ही पोरं लॉग उघडून फाईल कुणाच्या नावावर आहे ते शोधत बसतो. तेवढ्यात मागून चहाचा कप घेऊन भाऊ येतात. “नाही म्हणतंय ना? मग सगळ्यांना देऊन टाक की. आपल्या बापाचं काय जातंय?” एका हातानं परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ आज्ञा ठोकतात, दुसऱ्या हातातला चहा हिंदकळतही नाही. कला आहे ती, मान्यच करायला हवं.

‘ही सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घेऊ?’ असं अपडेटनं विचारलं, तर भाऊ पंगतीतल्या पाहुण्यासारखे न बघताच “वाढा, वाढा” म्हणतात. वर्षभर निगुतीनं सांभाळलेली फाईल मग ‘डीपीकेजी-ओल्ड’ असं शेपूट लावून अडगळीत जाते.

घरीही तोच खाक्या. वायफायला पासवर्ड नाही, सोसायटीच्या गच्चीची किल्ली कायम दारालाच. अपवाद एकच. ऑफिसातल्या टेबलाचा खालचा खण. त्यात बाकरवडी असते आणि खणाला पितळी कुलूप.

दिवाळीच्या तोंडावर भाऊंनी मायएसक्यूएलच्या सेटिंगची फाईल ७७७ केली. डेटाबेस मात्र जुन्या वळणाचा निघाला. जी फाईल कुणीही गिरगटू शकतो ती मी वाचणार नाही, असा एका ओळीचा इशारा देऊन तो स्वतःच्या मनानं सुरू झाला. भाऊ म्हणाले, “परवानगी कमी पडतेय.” आणि त्यांनी सेटिंगच्या अख्ख्या ‘ईटीसी’ फोल्डरला, पोटातल्या सगळ्या फायलींसकट, ७७७ करून टाकलं.

पुढच्याच आज्ञेला कारभाऱ्याचे अधिकार देणारा सुडो अडून बसला. त्याची सुडोअर्स फाईल सगळ्यांना लिहायला मोकळी, म्हणून तो कुणालाच ओळख देईना, भाऊंनाही नाही. दुसऱ्या खिडकीत अपडेट चालूच होतं. त्यानं दुरून सर्व्हरमध्ये शिरायचं दार, म्हणजे एसएसएच, बंद करून पुन्हा चालू करायला घेतलं, तर सर्व्हरच्या खासगी किल्ल्या चव्हाट्यावर टांगलेल्या पाहून ते उठेचना. दारं सताड उघडी आणि आत कुणालाच जाता येईना!

त्या रात्री थंडगार सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून आम्ही मशीन रिकव्हरी मोडमध्ये उघडलं. सुडोअर्सला ४४०, खासगी किल्ल्यांना ६००. बाकीच्या फायलींचे आकडे शेजारच्या तशाच सर्व्हरवरून बघून एकेक बसवले. तीन वाजले. भाऊ कोपऱ्यात खुर्ची टाकून गप्प बसले होते.

शेवटी ते उठले, खण उघडला, आम्हा चौघांच्या हातावर दोन-दोन बाकरवड्या मोजून ठेवल्या, आणि कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहिलं.